ऑर्लँडोतला पहिला दिवस: सुरुवात मॅजिक किंगडमने करू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं सहा जणांचं कुटुंब मे महिन्यात ऑर्लँडोच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला निघालंय. नवरा-बायको, ९ वर्षांची मुलगी, ४ वर्षांचा मुलगा आणि सत्तरीतले आजी-आजोबा. आजींचे गुडघे दुखतात. विमान संध्याकाळी ६ ला उतरणार, मुक्काम डिस्नेच्याच हॉटेलात, तिकिटं चार दिवसांची. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिथल्या चार पार्कांपैकी मॅजिक किंगडम गाठायचं आणि रात्रीची आतषबाजी बघूनच परतायचं, असा बेत आहे. हे जमेल का, आणि दिवस कसा आखावा?

आतषबाजीपर्यंत थांबणं जमणार नाही, आणि ओढूनताणून जमवलंत तर पुढचे दोन दिवस हातचे जातील. मे महिन्यात ऑर्लँडो आपल्या साडेनऊ तास मागे असतं. तिथले रात्रीचे ९ म्हणजे पुण्यातले सकाळचे साडेसहा, तेही रात्रभर जागून. चार वर्षांचं पोर त्या वेळी खांद्यावर मान टाकून झोपलेलं असेल किंवा भोकाड पसरून रडत असेल. आणि तेव्हाच हजारो माणसं एकाच वेळी एकाच रस्त्याने बाहेर पडत असतात.

मात्र याच साडेनऊ तासांचा फायदाही आहे. भारतातून पश्चिमेकडे गेल्यावर पहिले तीन-चार दिवस माणूस संध्याकाळी पेंगतो आणि पहाटे ३-४ ला टक्क जागा होतो. पहाटे साडेतीनला पुण्यात दुपारचा १ वाजलेला असतो, पोटात कावळे ओरडत असतात, झोप येणारच नाही. बाकीच्यांना पहाटे उठायचं जिवावर येतं, तुम्हाला ते आपसूक मिळतंय. म्हणून पहिल्या दिवसासाठी असं पार्क निवडा जे सगळ्यात लवकर उघडतं, जिथली खरी गंमत सकाळीच असते आणि जिथून दुपारी १ ला निघालं तरी फार काही चुकत नाही. चार पार्कांपैकी अॅनिमल किंगडम तसं आहे. मॅजिक किंगडम चौथ्या-पाचव्या दिवसावर ढकला. चार दिवसांचं तिकीट पहिल्या दिवसापासून ७ दिवसांच्या आत कधीही वापरता येतं, सलग चार दिवस जायची सक्ती नाही. या सवलतीचा फायदा बहुतेक जण घेत नाहीत.

निघण्याआधी घरी

मुलांची उंची बूट घालून मोजा आणि कागदावर लिहून ठेवा. तिथं वय कुणी विचारत नाही, पट्टीखाली उभं करतात. अॅनिमल किंगडममध्ये फ्लाइट ऑफ पॅसेज आणि एक्स्पिडिशन एव्हरेस्ट या दोन मोठ्या राइडना ११२ सेंमी लागतात, काली रिव्हर रॅपिड्सला ९७. मॅजिक किंगडममध्ये सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला ९७, टियानाज बायू अॅडव्हेंचरला १०२, स्पेस माउंटनला ११२ आणि ट्रॉनला १२२. तुमची मुलगी १३० च्या आसपास असेल तर तिला सगळं खुलं आहे. मुलगा १०० असेल तर यातल्या दोन राइड मिळतील, बाकीच्या नाहीत. हे त्याला घरीच सांगून ठेवा. पाऊण तास रांगेत उभं राहून दाराशी ‘नाही’ ऐकलेलं मूल पुढचा तासभर सावरत नाही, आणि चूक त्याची नसते.

डिस्नेचं अॅप घरीच फोनवर चढवा, सहाही जणांची तिकिटं एका खात्याला जोडा आणि दोन फोनवर लॉगिन करून ठेवा. सगळी तिकिटं एकाच फोनात आणि तो फोन ११ वाजता बंद, हा प्रकार नेहमी घडतो, कारण नकाशा, रांगांच्या वेळा, जेवणाची ऑर्डर असं सगळं त्याच अॅपवर चालतं आणि बॅटरी भराभर उतरते. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा. बँकेच्या अॅपमध्ये कार्डचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून ठेवा. भारतीय नंबरवर ओटीपी येणार असेल तर त्या सिमला रोमिंग असू द्या.

रांग टाळायची विकतची सोय, म्हणजे लाइटनिंग लेन मल्टी पास, डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना मुक्कामाच्या ७ दिवस आधीपासून घेता येतो, बाहेर राहणाऱ्यांना ३ दिवस आधी. खिडकी तिथल्या सकाळी ७ ला उघडते, म्हणजे मे महिन्यात आपल्याकडे दुपारी साडेचारला. पहिल्या दिवसासाठी मात्र तो घेऊ नका. अॅनिमल किंगडममध्ये राइड मोजक्या आहेत आणि तुम्ही दार उघडायच्या आत तिथं असाल. सहा जणांचे ते पैसे हॉलिवूड स्टुडिओज आणि मॅजिक किंगडमसाठी राखून ठेवा, तिथं ते कारणी लागतात.

बॅगेत काय न्यायचं, याबद्दल दोन गोष्टी. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची आहे. घरची २३० व्होल्टची, १५०० वॉटची किटली तिथं जेमतेम ४०० वॉटवर चालते. पाणी उकळायला चौपट वेळ लागतो, आणि माणसाला वाटतं किटली बिघडली. दोन्ही व्होल्टेजवर चालणारी प्रवासी किटली घ्या आणि चपट्या पिनांचा अॅडॉप्टर. फोनचे चार्जर बहुतेक दोन्हीवर चालतात, तरी त्यावरचं ‘१००-२४०’ वाचून घ्या. दुसरी गोष्ट खाण्याची. दशम्या, थेपले, चिवडा, शंकरपाळी, भाजलेल्या रव्याचं उपम्याचं मिश्रण न्या. ताजा कढीपत्ता, फळं आणि मांसाचे पदार्थ मात्र नेऊ नका. मे महिना असला तरी हापूस घरीच राहू द्या. खाण्याचं जे काही असेल ते विमानतळावर उतरल्यावर कस्टम्सला सांगा. सांगितलं तर फार तर एखादी वस्तू काढून घेतात. लपवलेलं सापडलं तर दंड होतो.

आजी-आजोबांची औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेतच हवीत. इन्सुलिन किंवा ठरल्या वेळेच्या गोळ्या असतील तर साडेनऊ तासांचा फरक कसा बसवायचा हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, अंदाजाने करू नका. प्रवास विम्याच्या कागदावरचा फोन नंबर दोघांच्या फोनात साठवून ठेवा.

उतरल्याची संध्याकाळ

विमानतळावरून हॉटेलपर्यंत डिस्नेची फुकट बस असायची, ती २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली. जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबून कुणी तिची वाट बघत बसू नये. सहा माणसं आणि सामान म्हणजे मोठी गाडीच लागते. फ्लोरिडात ५ वर्षांपर्यंतच्या मुलाला कार-सीट किंवा बूस्टर (मुलाला उंच बसवणारी बैठक) लागतं आणि टॅक्सीवाल्याकडे ते असेलच असं नाही, त्यामुळे घडीचं बूस्टर घरून घ्या किंवा गाडी आरक्षित करतानाच मागून ठेवा.

खोलीवर पोचायला साडेसात-आठ वाजतील. दूध, केळी, दही, ब्रेड हॉटेलच्या दुकानातून घ्या. हलकं जेवा आणि झोपा. केळी आणि दशमीचा डबा मुलाच्या उशाशी ठेवा. रात्री दोनला तो उठणार, कारण पुण्यात तेव्हा साडेअकरा वाजलेले असतात आणि त्याला खरोखर भूक लागलेली असते. अशा वेळी मोठा दिवा आणि मोबाईल लागला की सगळं घर जागं होतं. मंद उजेडात खायला द्या, पाणी पाजा, पुन्हा आडवं करा. तासाभराने बहुतेक मुलं परत झोपतात.

सकाळ

पार्क ८ ला उघडणार असेल, मे महिन्यात सहसा असंच असतं, तर डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना साडेसातला आत सोडतात. रोज, चारही पार्कांत, अर्धा तास आधी. आदल्या रात्री अॅपमध्ये त्या दिवसाची वेळ तपासा, ती बदलते. सव्वासहा-साडेसहाला बस थांब्यावर उभं राहायचं. अॅनिमल किंगडमची बस थेट दारापाशी सोडते आणि गाडीने आलात तरी पार्किंग समोरच आहे. मॅजिक किंगडमला तसं नाही. तिथं गाडी किंवा टॅक्सी तळ्याअलीकडे थांबते, पुढे मोनोरेल किंवा फेरी, आणि गाडीतून उतरल्यापासून दारापर्यंत ३० ते ४५ मिनिटं सहज जातात. डिस्नेच्या बहुतेक हॉटेलांच्या बस तिथंही दाराजवळच सोडतात. म्हणून त्या दिवशीही बसनेच जा.

पार्कात शिरताना दोन गोष्टी भाड्याने घ्या. मुलासाठी स्ट्रोलर आणि आजींसाठी चाकांची खुर्ची. ‘चार वर्षांचा झाला, आता चालतो की’ हे घरापासून बागेपर्यंत ठीक आहे. इथं पूर्ण दिवसाला १०-१२ किलोमीटर चालणं होतं, अर्ध्या दिवसातही त्याच्या निम्म्याहून जास्त. स्वतःचा स्ट्रोलर नेणार असाल तर तो ७९ सेंमीपेक्षा रुंद आणि १३२ सेंमीपेक्षा लांब नको. राइडबाहेर स्ट्रोलर ठरल्या जागी लावावे लागतात आणि तिथले कर्मचारी रांग नीट करताना ते हलवतात. परत आल्यावर शंभर सारख्याच गाड्यांतून आपली शोधायची असते. दांड्याला जुन्या साडीच्या काठाची लांब पट्टी बांधा, लाल किंवा पिवळी. लांबून दिसते.

खुर्चीचं जरा अवघड असतं. आपल्याकडची मोठी माणसं लगेच म्हणतात, ‘मी काय आजारी आहे का?’ मग भिडेखातर चालत राहतात आणि अकरा वाजता एका बाकावर बसून घेतात, तिथून उठवत नाही. खुर्ची बॅगा ठेवायला आणि रांगेत टेकायला घेतली आहे असं सांगा. पहिला तास आजी तिला धरून चालतील, नंतर आपणहून बसतील. तिथल्या बहुतेक रांगांतून खुर्ची नेता येते.

आत गेल्यावर सगळा लोंढा डावीकडे पँडोरा या विभागाकडे वळतो, फ्लाइट ऑफ पॅसेजसाठी. ही तिथली सगळ्यात मागणी असलेली राइड आहे. मोटारसायकलवर बसल्यासारखं पुढे झुकून बसायचं आणि समोरच्या प्रचंड पडद्यावर उडाण. मुलीला आवडेल. आजी-आजोबांना नको, आणि मुलाची उंची बसत नाही. इथं कुटुंब दोन तुकड्यांत वाटा. बाबा आणि मुलगी फ्लाइट ऑफ पॅसेजला. दाराशी सगळे मिळून जा आणि कर्मचाऱ्याला ‘रायडर स्विच’ हवं म्हणून सांगा. लहान मुलासोबत थांबलेल्या आईची नोंद होते आणि तिला नंतर लांब रांगेत उभं राहावं लागत नाही. तिची परत यायची वेळ अॅपमध्ये दिसते, ती लक्षात ठेवा. तेवढ्यात आई, मुलगा, आजी, आजोबा शेजारच्या नाव्ही रिव्हर जर्नीला जातील. अंधारात चमकणाऱ्या जंगलातून पाचेक मिनिटांची संथ नाव आहे, उंचीची अट नाही, धक्के नाहीत. फक्त नावेत उतरताना खाली पाय टाकावा लागतो, तिथं आजींना हात द्या. दुपारी याच नावेसाठी तासभर थांबावं लागतं आणि तेवढं थांबण्याजोगी ती नाही. सकाळी दहा मिनिटांत झाली तर छानच.

पुन्हा भेटायची जागा पक्की ठरवा. ‘त्या मोठ्या झाडापाशी’ असं नको. पँडोरातल्या साटूली कँटीनचं दार म्हणा, नाव लिहिलेलं आहे आणि आत गारवा आहे.

सव्वाआठ-साडेआठला तिथून सरळ आफ्रिका विभागात, किलिमांजारो सफारीला. पँडोरातून आफ्रिकेकडे जोडरस्ता आहे, पुन्हा मध्यापर्यंत यायला नको. सकाळच्या वेळापत्रकात ही एक गोष्ट हलवू नका. सुमारे ११० एकरांच्या मोकळ्या रानातून उघड्या ट्रकने साधारण वीस मिनिटांची फेरी असते. जिराफ, हत्ती, गेंडे, सिंह, सगळे खरे. ऊन चढलं की जनावरं सावलीला जाऊन बसतात आणि रांग वाढत जाते, म्हणजे उशीर केला की थांबायचं जास्त आणि दिसायचं कमी. सकाळी जिराफ कधी कधी ट्रकच्या वाटेवरच उभा असतो, आणि तो बाजूला होईपर्यंत ड्रायव्हर गाडी बंद करून थांबतो. त्या दोन मिनिटांत सहाच्या सहा जण गप्प होतात. सहलीचा पहिला दिवस यासाठीच. ट्रक चांगलाच हादरतो, आणि मागच्या ओळींत जास्त. आजींची पाठ-गुडघे बघून पुढच्या ओळीत बसवा अशी विनंती करा, बहुधा ऐकतात. मुलाला कडेला न बसवता मध्ये घ्या.

सफारीनंतर आशिया विभागाकडे चाला. डिस्नेने इथं ‘आनंदपूर’ नावाचं काल्पनिक राज्य उभं केलंय, भारत-नेपाळच्या गावांवरून. पडझड झालेला राजवाडा, भिंतीवर जुनी भित्तिचित्रं, आणि त्यातून जाणारी महाराजा जंगल ट्रेक ही पायवाट. कमानींच्या पलीकडे वाघ. आजी-आजोबांना इथं घाई करू नका. रंग उडालेली भिंत, पत्र्याच्या पाट्या, उभ्या केलेल्या सायकली हे त्यांच्या ओळखीचं आहे आणि परक्या देशात कुणी ते इतक्या बारकाईने केलेलं बघून त्यांना खूप बोलावंसं वाटतं. अर्धा तास द्या. तेवढ्यात बाबा आणि मुलगी एक्स्पिडिशन एव्हरेस्ट करून येतील. हे रोलर कोस्टर काही अंतर मागेही धावतं, तेही अंधारात. मुलीला हे आधी सांगा. माहीत असलं की मजा वाटते, नसलं की घाबरगुंडी उडते.

शेजारीच काली रिव्हर रॅपिड्स आहे. गोल तराफ्यातून पाण्याची राइड, त्यात काही जण नखशिखांत भिजतात. सकाळी ती करू नका. ओल्या मोज्यांनी दोन तास चाललं की टाचेला फोड येतो आणि तो फोड पुढचे सहा दिवस सोबत राहतो. करायचीच असेल तर परत निघायच्या ऐन आधी, चपला घालून.

जुन्या याद्यांत आणि व्हिडिओंत दिसणारा डायनोलँडचा भाग धरून चालू नका. तो काढून तिथं ट्रॉपिकल अमेरिकाज नावाचा नवा विभाग उभा राहतोय.

साडेदहा-पावणेअकराला आफ्रिकेकडे परत फिरा आणि फेस्टिव्हल ऑफ द लायन किंगच्या खेळाला बसा. अर्ध्या तासाचा गाण्यांचा, कसरतींचा खेळ, बंदिस्त आणि थंडगार. वीस मिनिटं आधी पोचा. ऊन कडक व्हायच्या सुमाराला सगळे बसलेले असतील हे महत्त्वाचं आहे. मे महिन्यात ऑर्लँडोची हवा पुण्यासारखी कोरडी नसते. मुंबईचा मे आठवा, घाम सुकतच नाही. त्यामुळे तहान लागायच्या आधी पाणी द्या. शीतपेयं मिळणाऱ्या बहुतेक काउंटरवर बर्फाच्या पाण्याचा पेला फुकट देतात, मागावा लागतो. नळाच्या पाण्याला किंचित गंधकाचा वास येतो, बर्फ घातलं की जाणवत नाही. ओआरएसची चार पाकिटं जवळ असू द्या.

जेवण

जेवायला बाराच्या आत बसा. खेळ संपल्यावर पँडोरात परत यायचं, साटूली कँटीनला. ऑर्डर मात्र सकाळी नऊलाच, सफारीच्या रांगेत उभं असताना, अॅपवर करून पावणेबाराची वेळ घेऊन ठेवा. बाराच्या पुढे त्या वेळा भरतात, मग हातात भुकेलं मूल आणि स्क्रीनवर ‘१:४०’ असं होतं.

साटूलीत भात किंवा तसंच काही तळाला आणि वर टोफू असा बोल मिळतो. शाकाहारी माणसाचं त्यात पोट भरतं. तिथं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की अंडं चालतं असंच समजतात, आणि भात किंवा सूप चिकनच्या पाण्यात शिजवलेलं असू शकतं. अंडंही खात नसाल तर मेन्यूत पानाची खूण असलेले ‘प्लांट-बेस्ड’ पदार्थ बघा. त्यात मांस, अंडं, दूध काहीच नसतं. शंका असली तर शेफला बोलवा म्हणावं. ते खरंच बाहेर येऊन नीट सांगतात, संकोच नको. घरचं खाणं आत न्यायला परवानगी आहे. काचेची बाटली आणि सुटा बर्फ तेवढा चालत नाही. आजी-आजोबांना थेपला आणि लोणचंच हवं असेल तर त्याच टेबलावर डबा उघडा.

जेवण चालू असताना आईची फ्लाइट ऑफ पॅसेजची पाळी उरकते. साडेबारा ते एकच्या दरम्यान पार्कातून बाहेर. अजून पाच-सहा तास पार्क उघडं असेल आणि तिकिटाचे पैसे डोक्यात घोळतील. तिथंच घोडं पेंड खातं. ‘अजून एकच राइड’ म्हणत तीन वाजतात, म्हणजे शरीराच्या हिशेबाने रात्रीचे साडेबारा. बसच्या रांगेतच दोन्ही मुलं कोसळतात आणि मोठी माणसं एकमेकांवर खेकसायला लागतात.

दुपार

आता दिवसातलं सगळ्यात कठीण काम म्हणजे जास्त न झोपणं. खोलीवर पोचल्यावर सगळे आडवे झाले आणि गजर नसेल तर थेट रात्री आठला जाग येते. मग रात्रभर टक्क. दुसरा दिवस हातातून जातो तो असा. दीड ते अडीच एक तास झोपा, गजर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. मुलगा उठत नसेल तर पडदे सरकवा, पाय ओल्या रुमालाने पुसा, उचलून बाहेर न्या. पाच मिनिटं रडेल.

तीन ते पाच हॉटेलच्या पोहण्याच्या तलावावर. पाणी आणि दुपारचा उजेड या दोन्हींनी झोप पुढे ढकलली जाते, शरीराला नवी वेळ कळते. आजी-आजोबांनाही खोलीत न ठेवता सावलीत खुर्ची टाकून तिथंच बसवा. मेच्या अखेरीपासून दुपारी गडगडाटी पाऊस सुरू होतो, पार सप्टेंबरपर्यंत. आपल्या पावसासारखी झड नसते. तासभर धो धो कोसळतो आणि ऊन पडतं. वीज जवळ असली की तलाव रिकामा करायला लावतात, पार्कातल्या उघड्यावरच्या राइडही थांबवतात. तसं झालं तर लॉबीत पत्ते मांडा, पण पलंगापासून लांब राहा.

संध्याकाळचं जेवण साडेपाच-सहाला. थोडे जादा पैसे एका ठिकाणी खर्च करायचे असतील तर अॅनिमल किंगडम लॉजमधल्या सना या उपाहारगृहात साडेपाचची जागा घ्या. नान आणि त्यासोबत चटण्या-बुडवण्यांचा ताट भरून येणारा प्रकार तिथं प्रसिद्ध आहे, चव आपल्याकडची आणि आफ्रिकेची मिळून. खिडकीबाहेरच्या माळावर जिराफ आणि झेब्रे चरत असतात. मे महिन्यात सूर्य आठच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे भरपूर उजेड असतो आणि मुलं जागी राहतात. जागा ६० दिवस आधी आरक्षित करता येते आणि लवकर भरते. दमला असाल तर हॉटेलच्या फूड कोर्टात पिझ्झा खा, काही बिघडत नाही. साडेआठ-नऊला दिवे बंद.

मग मॅजिक किंगडम

दुसऱ्या दिवशी हॉलिवूड स्टुडिओज घ्या, तीही लवकर सुरुवात करून. तिसरा दिवस बिनतिकिटाचा: उशिरा उठणं, तलाव, कपडे धुणं, आजी-आजोबांना आराम. चौथ्या दिवशी एपकॉट. मॅजिक किंगडम पाचव्या दिवशी ठेवा, म्हणजे झोप बरीच रुळलेली असते. सकाळी साडेआठला आत, दीडला खोलीवर, पाचला परत. त्याच दिवशी त्याच पार्कात पुन्हा शिरायला जादा पैसे लागत नाहीत. रात्री ९ ची आतषबाजी तेव्हा सहाही जण उभे राहून बघतील.

तिथं अर्ध्या तासाच्या लवकर प्रवेशात फक्त फँटसीलँड आणि टुमॉरोलँड उघडे असतात. आधी पीटर पॅन्स फ्लाइट करा. तिची रांग दिवसभर लांब असते, कारण एकेका जहाजात दोन-तीनच माणसं मावतात आणि उंचीची अट नसल्याने सगळ्यांनाच जायचं असतं. किल्ल्यासमोरचे फोटो जाताना नव्हे, दुपारी निघताना काढा. आजोबांना मेन स्ट्रीटवरच्या स्टेशनातून वाफेच्या गाडीत बसवा. इंजिनं खरी आहेत, फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यात १९१६ ते १९२८ दरम्यान बनलेली, आधी मेक्सिकोत युकातानमध्ये धावत असत. एक फेरी वीसेक मिनिटांची.

दिवाळीच्या सुटीत किंवा त्याच्या आसपास जाणाऱ्यांसाठी एक वेगळा हिशेब आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबर हॅलोविनच्या आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ख्रिसमसच्या पार्टीच्या काही रात्री मॅजिक किंगडम साध्या तिकिटवाल्यांसाठी संध्याकाळी ६ लाच बंद होतं. ज्यांना आतषबाजी हवी ते त्या दिवशी येत नाहीत, त्यामुळे दिवसा गर्दी कमी. नुकतंच भारतातून उतरलेलं कुटुंब तसंही सहापर्यंत टिकत नाही. तेव्हा पहिल्याच दिवशी मॅजिक किंगडम करायची फार ओढ असेल, तर पार्टीच्या रात्रीचा दिवस निवडा, दुपारी दोनला निघा, आणि आतषबाजीसाठी पुढची एखादी संध्याकाळ मोकळी ठेवा.